इंडिकेटर कधी लागतो, कधी नाही: जुन्या गाडीतला लूज कॉन्टॅक्ट कसा शोधायचा

जुन्या गाडीचा इंडिकेटर कायमचा बंद पडला तर काम सोपं असतं. फ्यूज उडालेला सापडतो, नाहीतर बल्ब गेलेला असतो, आणि तासाभरात गाडी रस्त्यावर येते. खरी डोकेदुखी असते ती सायनच्या सिग्नलला लागणाऱ्या, चेंबूरला न लागणाऱ्या आणि गॅरेजमध्ये शिरताच मुकाट टिकटिकायला लागणाऱ्या इंडिकेटरची. मग अंदाजाने टिकटिक करणारा फ्लॅशर बदलला जातो, पुढच्या महिन्यात स्टिअरिंगखालच्या दांडीचा स्विच बदलला जातो, आणि जूनची पहिली सर आली की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

अधूनमधून होणाऱ्या बिघाडात बहुतेक वेळा कुठलाच पार्ट पूर्ण मेलेला नसतो. दोन धातू जिथे एकमेकांना टेकतात तिथला संपर्क अर्धामुर्धा झालेला असतो. मारुती ८००, ओम्नी, झेन, पद्मिनी, अँबॅसिडर, गाडी कुठलीही घ्या, एका बाजूच्या इंडिकेटरच्या वाटेवर अशा वीसेक जागा सहज निघतात. त्यातली बिघडलेली नेमकी कुठली हे कळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नये. शोधायला लागतं काय, तर साधा डिजिटल मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, चार-पाच मीटर वायर आणि दांडी हलवायला आत बसणारं कुणीतरी.

वीज कुठून कुठे जाते

बॅटरीतून मेन फ्यूज, तिथून इग्निशन स्विच, मग इंडिकेटरचा फ्यूज. पुढे बऱ्याच जुन्या गाड्यांत वाट हॅझर्डच्या बटणातून जाते. आपल्याकडे सर्रास ज्याला ‘पार्किंग’ म्हणतात ते हे बटण. त्यानंतर फ्लॅशर, म्हणजे टिकटिक करणारी डबी. फ्लॅशरमधून स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच, आणि तिथे वाट फुटते: दांडी डावीकडे केली तर डावी वायर, उजवीकडे केली तर उजवी. प्रत्येक वायर कपलरमधून, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगमधून, पुढच्या आणि मागच्या दिव्याकडे जाते, होल्डरमधून बल्बमध्ये शिरते, आणि परतीचा प्रवास होल्डरची बॉडी, अर्थची (पत्र्याला जोडणारी) वायर, गाडीचा पत्रा, आणि शेवटी बॅटरीचा निगेटिव्ह असा होतो.

परतीचा प्रवास लोक विसरतात आणि मुंबईत निम्मे घोटाळे तिथेच असतात. त्याकडे पुढे येऊ.

एका बाजूला पुढे २१ वॅटचा एक बल्ब, मागे २१ वॅटचा दुसरा, आणि फेंडरवर छोटा दिवा असेल तर तो ५ वॅटचा. एकूण ४७ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला जवळजवळ ४ अँपिअर. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तपासणं याच्यावर उभं आहे.

आधी बघा, मग हात लावा

बिघाड झाला की पहिली ऊर्मी दांडी चार वेळा खडखडवण्याची आणि डॅशबोर्डवर चापट मारण्याची असते. तसं केलं की इंडिकेटर सुरू होतो आणि पुरावा नाहीसा होतो. त्याऐवजी गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं नुसतं बघायचं: दोन्ही बाजू बंद आहेत की एकच, टिकटिक ऐकू येते का, येत असेल तर नेहमीच्या वेगाने की भराभर. मग पार्किंगचं बटण दाबायचं, पण एकदाच.

दोन्ही बाजूंचे इंडिकेटर बंद आणि पार्किंग मात्र व्यवस्थित चालतंय, असं असेल तर चारही बल्ब, त्यांचे अर्थ आणि (दोघांना एकच फ्लॅशर असेल तर) फ्लॅशरसुद्धा चांगला आहे. संशय उरतो तो इंडिकेटरचा फ्यूज, इग्निशनकडून येणारी वायर, पार्किंगचं बटण आणि दांडीचा स्विच एवढ्यावरच. पार्किंगही बंद असेल तर फ्लॅशर किंवा त्याची अर्थची वायर. एकच बाजू रुसली असेल तर फ्लॅशरला हात लावायचं कारण नाही. त्या बाजूचा बल्ब, होल्डर, अर्थ, कपलर किंवा स्विचचा तेवढा अर्धा भाग बघायचा.

टिकटिक भराभर होत असेल तर फ्लॅशरला एका बल्बचा करंट कमी पडतोय. बल्ब गेलेला असेलच असं नाही. सैल होल्डर किंवा गंजलेला अर्थसुद्धा करंट तितकाच कमी करतो. उलट, इंजिन आयडलिंगला असताना, हेडलाइट-वायपर-ब्लोअर चालू असताना टिकटिक संथ होत असेल आणि अॅक्सिलरेटर दिल्यावर सुधारत असेल, तर आधी बॅटरीचे टर्मिनल आणि चार्जिंग बघा. बंद गाडीत भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. मोबाइलवर १५ सेकंद लावून मोजले तर १५ ते ३० भरले पाहिजेत.

आणखी एक खूण आहे, ती दिसली तर पुढचं फारसं शोधावं लागत नाही. मागचा इंडिकेटर चालू असताना कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेकसोबत इंडिकेटर मंदावला, किंवा टेललॅम्प इंडिकेटरच्या तालावर लुकलुकायला लागला, तर मागच्या दिव्याचा अर्थ गेलेला आहे. टेल, ब्रेक आणि इंडिकेटर या तिन्ही दिव्यांची परतीची वायर एकच असते. ती तुटली की करंट दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि तिथून कुठूनतरी पत्रा गाठतो.

मीटर कसा फसवतो

होल्डरच्या मागे मीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, म्हणजे लाइन ओके, असा निष्कर्ष गॅरेजमध्ये रोज काढला जातो आणि तो रोज चुकतो. डिजिटल मीटर व्होल्टेज मोजताना करंट जवळपास घेतच नाही. वायरची सगळी तार तुटून एक गंजलेला केस उरला असेल तरी मीटर बिनधास्त १२ दाखवेल. बल्बला मात्र पावणेदोन अँपिअर हवेत, आणि ते त्या एका गंजक्या केसातून नीट जात नाहीत.

आकडेमोड करून बघू. एका बाजूचे तिन्ही बल्ब पेटलेले असताना त्यांचा एकत्र रेझिस्टन्स साधारण ३ ओहम असतो. सामाईक वाटेवर, म्हणजे समजा पार्किंगच्या बटणात, १ ओहमचा अडथळा तयार झाला. आता १२ पैकी सुमारे ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि बल्बना ९ उरतात. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्याने घसरतो. ९ व्होल्टला तो निम्म्याच्याही खाली जातो, दुपारच्या उन्हात मागच्या गाडीला दिसणारसुद्धा नाही. शिवाय त्या एका बिंदूवर ३ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर, म्हणजे ९ वॅट उष्णता निघते. कपलरचं पांढरं प्लास्टिक एखाद्या पिनेभोवतीच तपकिरी पडलेलं दिसतं ते यामुळे. आणि हाच १ ओहम मीटरच्या ओहम रेंजवर शोधायला गेलात तर सापडत नाही, कारण स्वस्त मीटरच्या लीडच (मोजायच्या वायरी) ०.३-०.५ ओहम दाखवतात. म्हणून मोजायचं ते बल्ब पेटलेला असतानाच.

अडचण अशी की इंडिकेटर लुकलुकतो, त्यामुळे मीटरचा आकडा सारखा उड्या मारतो. त्यावर साधा उपाय आहे. फ्लॅशर काढून घ्या आणि त्याच्या सॉकेटमध्ये सप्लायची पिन आणि आउटपुटची पिन वायरच्या तुकड्याने जोडा. फ्लॅशरवर सप्लायच्या पिनेशी ‘बी’, ‘४९’ किंवा अधिकचं चिन्ह असतं, आउटपुटशी ‘एल’ किंवा ‘४९ए’. तिसरी पिन ‘ई’ किंवा ‘३१’ असेल तर ती अर्थ आहे. तिला वायर लावली की थेट शॉर्ट, त्यामुळे पिना ओळखल्याशिवाय जोडू नका. जोडल्यावर दांडी एका बाजूला केली की त्या बाजूचे दिवे न लुकलुकता सलग पेटतात. म्हणजे एका दगडात दोन पक्षी: दिवे नीट, भरपूर उजेडाने पेटले तर वायरिंग चांगलं आणि संशय फ्लॅशरवर, आणि पेटलेल्या दिव्यावर आता निवांत मोजमाप करता येतं. सलग दोन-तीन मिनिटांवर ठेवू नका, काच प्लास्टिकची असते.

आता मीटर २० व्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवा. काळी लीड लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल लीड पेटलेल्या बल्बच्या होल्डरच्या बॉडीला. ०.१ व्होल्ट किंवा कमी आलं तर अर्थ उत्तम. ०.३ च्या वर गेलं तर अर्थ साफ करायला घ्या. १ व्होल्टच्या आसपास असेल तर चोर सापडला.

अर्थ ठीक निघाला तर सप्लायची बाजू. लाल लीड बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी लीड होल्डरच्या मागच्या वायरला. जुन्या गाडीत अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घ्यायला हरकत नाही. १ च्या पुढे गेलं तर काळी लीड एकेक टप्पा मागे न्या: दांडीच्या स्विचची आउटपुट वायर, मग इनपुट, फ्लॅशरची ‘एल’, ‘बी’, पार्किंगच्या बटणाचं आउटपुट, इनपुट, फ्यूजची एक बाजू, दुसरी बाजू. मागे जाताना आकडा जिथे एकदम खाली येतो, बिघाड त्या दोन टप्प्यांच्या मध्ये. हे करताना दुसऱ्याने आत बसून वायरी, दांडी, बटण हलकेच हलवत राहायचं. मीटरमध्ये मिन-मॅक्सची सोय असेल तर क्षणभर वाढून गेलेला आकडाही त्यात पकडला जातो.

तपासायच्या दिवशी नेमका सगळा कारभार सुरळीत असला तर? तर बिघाडाला चिथवायचं. पार्किंगचं बटण पंधरा-वीस वेळा दाबा, स्टिअरिंग एका टोकाहून दुसऱ्या टोकाला फिरवा, मागच्या दिव्यांवर पाणी मारा, फ्लॅशरला केस वाळवायच्या ड्रायरने दोन मिनिटं गरम हवा द्या. एवढ्यानेही काही झालं नाही तर फ्लॅशरच्या ‘बी’ वायरला एक छोटा एलईडी १ किलो-ओहमच्या रेझिस्टरसकट जोडून, दुसरं टोक अर्थला देऊन, डॅशबोर्डवर टेपने चिकटवा आणि नेहमीसारखी गाडी चालवा. इंडिकेटर बंद पडला आणि एलईडीही विझलेला असेल तर घोटाळा फ्यूज ते पार्किंगचं बटण या भागात. एलईडी चालू असेल तर फ्लॅशरपासून पुढे. दोन रुपयांच्या सामानात अर्धं वायरिंग संशयातून सुटतं. टेस्ट लॅम्पही घरीच बनवा: २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, दोन क्रोकोडाइल क्लिप. बाजारातल्या पेनसारख्या एलईडी टेस्टरला करंट नावालाच लागतो, त्यामुळे तोही मीटरसारखाच फसतो.

पार्किंगचं बटण

याच्यावर संशय सगळ्यात कमी घेतला जातो, कारण पार्किंग तर चालत असतं. पण या बटणात दोन वेगळे मार्ग असतात. दाबलेलं असताना ते थेट बॅटरीकडून सप्लाय घेतं, जेणेकरून किल्ली काढली तरी पार्किंग चालावं. न दाबलेलं असताना त्याचे दुसरे कॉन्टॅक्ट जुळतात आणि इग्निशनकडून आलेला सप्लाय फ्लॅशरला देतात. नेहमीचा इंडिकेटर चालतो तो या दुसऱ्या जोडीवर. बटण वर्षानुवर्षं कुणी दाबत नाही, कॉन्टॅक्ट एकाच जागी पडून राहतात, त्यांच्यावर काळा थर चढतो.

बटण दहा-वीस वेळा दाबून सोडल्यावर इंडिकेटर काही दिवस शहाण्यासारखा वागत असेल, तर निदान झालं. बटण काढून फटीतून इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पुन्हा वीसेक वेळा दाबा, वाळू द्या. गंज सोडवायचं साधं स्प्रे-तेल इथे मारू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग त्या तेलावर धूळ बसून पहिल्यापेक्षा वाईट होतं.

अर्थ, होल्डर आणि मुंबईची हवा

वरळी, वर्सोवा, वांद्र्याच्या किनाऱ्याला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तांब्यावर हिरवा थर आणि लोखंडावर गंज लवकर चढतो हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण किनाऱ्यापासून लांब, ठाण्या-मुलुंडलाही जून ते सप्टेंबर गाडीच्या डिकीत ओल असते. मागच्या दिव्याचा रबर गॅस्केट कडक होऊन भेगाळला की पाणी काचेत नव्हे, थेट होल्डरच्या मागे उतरतं. बंपरमध्ये बसवलेले पुढचे इंडिकेटर तर हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून एकदा गाडी गेली की आतून ओले होतात आणि आठवडाभराने त्रास द्यायला लागतात.

दिव्याच्या घराला खाली पाणी निघायला एक बारीक भोक असतं. काच गळते म्हणून चहूबाजूंनी सिलिकॉन फासताना ते भोकही बुजवलं जातं, मग आत आलेलं पाणी बाहेर पडायला जागाच राहत नाही. ते उघडं ठेवा.

होल्डर साफ करताना आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. बल्ब दाबून, फिरवून बाहेर घ्या. बुडाशी सोल्डरचा एक थेंब असतो. तो नवीन बल्बमध्ये गोलसर फुगीर असतो. जुन्यात चपटा होऊन मध्ये खळगा पडलेला दिसतो, आणि तेवढ्या खळग्याने स्प्रिंगचा दाब कमी पडून खड्ड्यावर दिवा विझतो. बल्ब कानाशी धरून टिचकी मारा. फिलामेंट तुटून नुसतंच टेकलेलं असेल तर बारीक खुळखुळ येते. असा बल्ब कधी पेटतो, कधी नाही, आणि मीटरवर चांगला दाखवतो. तो फेकून द्या.

होल्डरची बॉडी आतून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पेन्सिलीला गुंडाळून, चमक येईपर्यंत घासा. तळाची पितळी जीभ बारीक पक्कडीने एखादा मिलिमीटर वर उचला. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळल्यावर बोटावर येईल एवढीच पेट्रोलियम जेली बॉडीला लावा. बल्ब बसवताना तो योग्यच आहे ना बघा. इंडिकेटरचा बल्ब एका फिलामेंटचा असतो. ब्रेक-टेलचा दोन फिलामेंटचा बल्ब जबरदस्तीने दाबून बसवलेला जुन्या गाड्यांत अनेकदा सापडतो. त्याच्या दोन पिना खालीवर असतात, त्यामुळे तो वाकडाच बसतो. पांढऱ्या काचेच्या दिव्यात पिवळ्या रंगाचा बल्ब लागतो. त्याचा रंग सोलवटून उजेड पांढरा पडायला लागला की तो बदला, नियमाने इंडिकेटर पिवळाच हवा.

अर्थची वायर पत्र्याला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे बोल्ट खोला, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा दोन्ही घासून उघडा धातू दिसू द्या, मध्ये दातेरी वॉशर घाला, आवळून वरून जेली लावा. काही जुन्या दिव्यांना अर्थची वेगळी वायरच नसते. दिवा ज्या स्क्रूने बॉडीला बसतो तोच अर्थ. तो स्क्रू गंजला की संपलं. तिथे होल्डरच्या बॉडीपासून पत्र्यावरच्या चांगल्या बोल्टपर्यंत १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर टाका. अर्ध्या तासाचं काम, पण जुन्या गाडीच्या मागच्या दिव्यांसाठी याच्याइतका टिकाऊ उपाय नाही.

फ्लॅशर

जुन्या पद्धतीचा, बहुधा दोन पिनांचा फ्लॅशर तापणाऱ्या पट्टीवर चालतो. करंटने पट्टी तापते, वाकते, संपर्क तुटतो. गार झाली की पुन्हा जुळतो. म्हणून एक बल्ब गेला की करंट कमी, पट्टी पुरेशी तापत नाही, आणि दिवे संथ होतात किंवा सलग पेटलेलेच राहतात. तीन पिनांच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये आत एक चिप आणि छोटी रिले असते; बल्ब कमी झाला की ती मुद्दाम वेग दुप्पट करते. त्यामुळे आपल्या गाडीत कुठला आहे हे माहीत नसताना ‘वेग बदलला म्हणजे फ्लॅशर गेला’ असं ठरवू नये.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर सकाळी चालतो आणि गाडी उन्हात तापल्यावर बंद पडतो, असं असेल तर त्याची टोपी उघडून आतली सर्किटची पाटी बघा. जाड पिना जिथे सोल्डरने बसवल्या आहेत तिथे भिंगातून पिनेभोवती केसासारखी गोल चीर दिसते. याला ड्राय सोल्डर म्हणतात. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने ताजं सोल्डर दिलं की तीच डबी पुढे बराच काळ चालते. टोपी न उघडता ओळखायचं तर फ्लॅशर चालू असताना त्याला पेन्सिलीने टिचक्या मारा; टिचकीसरशी ताल तुटला तर संशय यावरच.

त्याच्या अर्थच्या पिनेकडे कुणी बघत नाही. ती वायर सैल असेल तर नवाकोरा फ्लॅशरही चालणार नाही, आणि मग ‘नवीन पार्टसुद्धा डुप्लिकेट निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडण. सॉकेटमधले टर्मिनल पसरलेले असतील तर टोकदार पक्कडीने किंचित दाबून घट्ट करा. फ्यूज बॉक्समध्येही हेच: फ्यूज शाबूत असतो, त्याला धरणारी पट्टी पसरलेली असते. मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा चांदीचा कागद हा त्यावरचा इलाज नाही.

दांडी

दांडी अगदी थोडी पुढेमागे ढकलल्यावर, किंवा बोटाने धरून ठेवल्यावरच इंडिकेटर चालतो, तर कॉम्बिनेशन स्विच. आत पितळी सरकता तुकडा तांब्याच्या पट्ट्यांवरून घसरतो. वर्षांची ग्रीस काळी, चिकट होते आणि कॉन्टॅक्टमध्ये शिरते. स्टिअरिंग फिरवताना एका विशिष्ट कोनातच बंद पडत असेल तर स्विचच्या आधी त्याच्या खालून जाणाऱ्या वायरी बघा. त्या आवरणाखाली वाकून वाकून आतल्या आत तुटतात आणि बाहेरून शाबूत दिसतात.

स्विच काढायला स्टिअरिंग उतरवावं लागतं. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर हे घरी करायचं नाही, पूर्णविराम. एअरबॅग नसेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढा, चाकं सरळ ठेवा, नट सैल करण्याआधी स्टिअरिंग आणि शाफ्ट यांच्यावर एकच रेघ मारून ठेवा, आणि नट पूर्ण काढू नका. चार आटे शिल्लक ठेवून ओढा, नाहीतर स्टिअरिंग सुटून तोंडावर येतं. स्विच उघडायचा तो पांढऱ्या थाळीत किंवा मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून. आत दांडीला खटका देणारी बारीक गोळी आणि स्प्रिंग असते, ती उडते, आणि गॅरेजच्या जमिनीवर पडली की सापडत नाही. जुनी ग्रीस कॉन्टॅक्ट क्लीनरने काढा, पट्ट्या खोडरबराने पुसा (पॉलिश पेपर नको, वरचा मुलामा जातो), पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात द्या.

नंतर जोडलेल्या वायरी

भारतातल्या जुन्या गाडीत कंपनीच्या वायरिंगपेक्षा त्यावर चढवलेलं वायरिंग जास्त तापदायक. अलार्म किंवा सेंट्रल लॉकिंग बसवलेलं असेल तर त्याच्या दोन वायरी डाव्या-उजव्या इंडिकेटरला जोडलेल्या असतात, बहुतेक वेळा नुसत्या पिळून आणि वर काळी टेप गुंडाळून. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो, पावसाळ्यात आत हिरवं होतं. त्या दोन वायरी काही दिवस सुट्या करून बघा. बिघाड गेला तर जोड क्रिंप करून (धातूची नळी दाबून) वर गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर-घुशींचा वावर असेल तर बोनेट उघडून हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या जुडग्यावर, दातांच्या खुणा आणि लेंड्याही बघून घ्या, विशेषतः पावसाळ्यात.

एलईडी बल्ब बसवले असतील तर भराभर टिकटिक अपेक्षितच आहे, कारण ते २१ वॅटऐवजी जेमतेम काही वॅट घेतात. त्यावर ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर प्रत्येक बल्बला समांतर जोडण्याची पद्धत आहे. तो २ अँपिअर ओढतो आणि चांगलाच तापतो, म्हणून प्लास्टिकला किंवा वायरींना चिकटवून नाही, उघड्या पत्र्यावर आवळायचा. एलईडीला चालणारा फ्लॅशर घेणं त्याहून बरं. पण डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंना मिळून एकच बाण असलेल्या गाडीत तेवढ्यानेही भागत नाही. तो बाण डाव्या आणि उजव्या वायरीच्या मध्ये जोडलेला असतो आणि आपला अर्थ समोरच्या बाजूच्या बल्बांतून घेतो. फिलामेंटचे बल्ब एवढ्याशा करंटने पेटत नाहीत, एलईडी पेटतात, आणि मग एक बाजू दिली तरी चारही दिवे लुकलुकतात. अशा गाडीत साधे बल्बच ठेवावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गाडीला १५ वर्षं होऊन नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, ज्या आरटीओला जायचं असेल तिथे जाण्याआधी हे काम उरकून घ्या. तपासणीत इंडिकेटर बघितले जातात आणि नेमके तेव्हाच रुसायची त्यांना खोड असते.

स्विच बदलायचाच ठरला तर नवा पार्ट ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत विचारा. उत्पादन थांबलेल्या मॉडेलसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना मिळू शकतो. मीटर, हीट-श्रिंक आणि कॉन्टॅक्ट क्लीनरसाठी लॅमिंग्टन रोड. जुना स्विच घेताना स्वतःचा मीटर न्या. कपलरच्या पिनांत एखादी तपकिरी किंवा भाजलेली असेल तर परत ठेवा. इनपुटच्या पिनेला एक लीड, डाव्या आउटपुटला दुसरी, कंटिन्युइटीचा (वाट सलग असेपर्यंत वाजणारा) बीप चालू. दांडी डावीकडे करून तिथेच अंगठ्याने हलकेच वरखाली दाबत राहा. बीप मध्येच तुटला तर तो स्विच घेऊ नका. मग उजवी बाजू तशीच. शेवटी दांडी सोडून बघा, खटका दोन्हीकडे सारखा लागतो का, आणि स्टिअरिंगबरोबर दांडी परत आणणारे प्लास्टिकचे दोन्ही कान शाबूत आहेत का. एक कान बहुधा तुटलेलाच असतो, आणि तो वेगळा मिळत नाही.